दचकलेल्या मेंदूची साक्ष

नगर-पुणे रस्त्यावरच्या सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत यंत्राचा एकसुरी ठोका सतत कानावर पडणाऱ्या कामगाराला तो काही वेळाने जाणवेनासा होतो; पण लय चुकली की मान लगेच वळते. कारण लक्ष दुसरीकडे असतानाही मेंदू पुढच्या आवाजाचा अंदाज बांधत असतो. हा अंदाज चुकल्याची विद्युत खूण फिनलंडचे मानसशास्त्रज्ञ रिस्टो नॅटॅनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मांडली. एकसारख्या स्वरांच्या मालिकेत मध्येच वेगळा स्वर आला, की साधारण १०० ते २५० मिलिसेकंदांत डोक्याच्या पुढच्या आणि मधल्या भागावर एक ऋण लहर उमटते. ऐकणारा पुस्तकात गुंग असला तरी ती उमटते. मात्र तिची उंची जेमतेम काही मायक्रोव्होल्ट. मेंदूच्या एरवीच्या विद्युत गजबजाटात ती बुडून जाते. म्हणून असे वेगळे स्वर पुष्कळ वेळा ऐकवून नोंदींची सरासरी काढावी लागते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. तोच स्वर ऐकून ठरावीक चेतापेशी मंदावतात, नवा स्वर ताज्या पेशींना चेतवतो. मग अंदाजाची कल्पना कशाला? पेशी मंदावतात हे खरे, आणि नोंदीचा काही भाग त्यातून येतोही. पण भराभर येणाऱ्या स्वरांपैकी एखादा गाळला तरी लहर उमटते. तिथे ताज्या पेशींना चेतवायला आवाजच नसतो. म्हणजे मेंदूने काहीतरी अपेक्षिले होते, असेच मानावे लागते. ही अपेक्षा ऐकणाऱ्याच्या पूर्वायुष्यातून घडते. १९९७ मध्ये नॅटॅनेन यांच्याच गटाने एस्टोनियन भाषेतला एक स्वर एस्टोनियन आणि फिनिश लोकांना ऐकवला. फिनिशमध्ये तो स्वर नाही. आवाज एकच, पण एस्टोनियन मेंदूंतली लहर मोठी होती.

महाराष्ट्राच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोघांना जन्मठेप सुनावली. पुराव्यांमध्ये आरोपी तरुणीच्या मेंदूच्या विद्युत चाचणीचाही आधार घेतला गेला. या चाचणीत डोक्याला इलेक्ट्रोड लावून गुन्ह्याविषयीची वाक्ये ऐकवतात आणि विद्युत प्रतिसादावरून त्या प्रसंगाचा ‘अनुभव’ मेंदूत आहे की नाही, हे ठरवतात. ही चाचणी वरच्या लहरीहून वेगळी. दावाही कितीतरी मोठा. पण मेंदूचा प्रतिसाद पूर्वी काय ऐकले त्यावर बदलतो, ही अडचण तिलाही चुकत नाही. चौकशीत तोच आरोप पुन्हा पुन्हा ऐकलेल्या निर्दोष माणसाला ती वाक्ये ओळखीची आणि धास्तावणारी वाटणारच. ओळख, भीती आणि प्रत्यक्ष कृती यांना वेगळे करणारी विद्युत खूण कोणी निर्विवाद सिद्ध केलेली नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीनेही त्याच वर्षी ही पद्धत अशास्त्रीय ठरवली.

जीभ खोटे बोलते, मेंदूची लहर बोलत नाही, असे या चाचणीचे समर्थक म्हणू शकतात. लहर मुद्दाम लपवणे अवघड आहे, हे बऱ्याच अंशी मान्य करता येईल. पण लबाडी नसणे आणि नेमके उत्तर मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बेशुद्ध रुग्णात वेगळ्या स्वराला प्रतिसाद दिसला, तर शुद्धीवर येण्याची आशा वाढते. दिसला नाही म्हणून आशा सोडता येत नाही. रुग्णालयात डॉक्टर त्या खुणेला एवढेच विचारतात, तिथे ती उपयोगी पडते. न्यायालयात मात्र त्या दुसऱ्या चाचणीकडे हेतू, स्मृती आणि कृत्य अशा तिन्हींची साक्ष मागितली गेली.

सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात संमतीविना अशा चाचण्या करण्यास मनाई केली. संमतीची वाट मात्र खुली राहिली. संमतीने आरोपीचा हक्क जपला जातो, चाचणीतली शास्त्रीय उणीव भरून निघत नाही. त्यासाठी गुन्हा केलेले, आणि केवळ त्याविषयी ऐकलेले, अशा दोन्ही गटांवर, कोण कोणत्या गटातला हे परीक्षकाला ठाऊक नसताना, खुले प्रयोग व्हायला हवेत आणि चुकांचे प्रमाण छापून यायला हवे.