दवाखाना आहे, औषध आहे; तरी आदिवासी रुग्ण अर्ध्यातून उठून का जातो?

आदिवासी भागातल्या दवाखान्यांत ही गोष्ट नेहमीची आहे. पाड्यावरून रुग्ण येतो, भरती होतो आणि रात्रीतून कुणाला न सांगता निघून जातो. सकाळी खाट रिकामी. मग सगळे म्हणतात, "हे लोक ऐकतच नाहीत." नर्सिंगच्या अभ्यासात मात्र आता हाच प्रश्न उलटा विचारला जातो: त्या माणसाला तिथं राहवलं का नाही?

याला 'सांस्कृतिक सुरक्षितता' म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ सोपा आहे. सुई, सलाईन, गोळी बरोबर देणं जितकं गरजेचं, तितकंच रुग्णाला आपली भाषा, रीतभात आणि मान शाबूत आहे असं वाटणंही गरजेचं.

कल्पना आली कुठून?

न्यूझीलंडमधून. तिथले मूळ रहिवासी म्हणजे माओरी. 1988 मध्ये नर्सिंग शिकणाऱ्या एका माओरी मुलीनं एका सभेत विचारलं, की कायद्याची सुरक्षितता शिकवता, उपचारांची शिकवता, मग आमच्या संस्कृतीच्या सुरक्षिततेचं काय? इरिहापेती रॅम्सडेन या माओरी नर्सनं हा विचार पुढं नेला. 1992 पासून तिथल्या नर्सिंग कौन्सिलनं तो शिक्षणात घेतला. यातला मुख्य मुद्दा असा, की सेवा सुरक्षित झाली की नाही हे सिस्टर ठरवत नाही, ज्याची सेवा झाली तो ठरवतो.

उदाहरण बघा. माओरी लोक डोकं पवित्र मानतात. म्हणून डोक्याखालची उशी पायाखाली घ्यायची नाही, हे तिथल्या नर्सला माहीत असावं लागतं. बाळंतपणानंतरची वार घरच्यांना परत देतात, ते ती आपल्या जमिनीत पुरतात. त्यांच्या भाषेत वार आणि जमीन या दोन्हींना 'व्हेनुआ' हा एकच शब्द आहे. वार पुरायची रीत आपल्याकडंही आहे, त्यामुळं हे समजायला आपल्याला जड जाऊ नये.

तिथले डॉक्टर मेसन ड्युरी यांनी आरोग्याला चार भिंतींच्या घराची उपमा दिली. शरीर, मन, कुटुंब आणि श्रद्धा या त्या चार भिंती. एक ढासळली तर घर कलतं. नुसत्या शरीराला औषध देऊन भागत नाही, ते यामुळंच.

गडचिरोलीनं काय केलं?

2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आदिवासी लोकसंख्या 1 कोटी 5 लाखांवर आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये 'सर्च' संस्थेचं काम सुरू केलं. लोक दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी लोकांनाच विचारलं. मोठ्या इमारतीत बुजायला होतं, बोली कुणाला कळत नाही, नातेवाईकांना जागा नसते, असं लोकांनी सांगितलं. पांढऱ्या कपड्यांचीही भीती होती, कारण पांढरं कापड मेलेल्या माणसावर घालतात. मग शोधग्रामचा दवाखाना आदिवासी गावासारखा, झोपड्यांचा झाला. सोबतच्या माणसांना राहायची सोय झाली आणि नाव मिळालं देवीचं, माँ दंतेश्वरी.

याच संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. 39 गावांत हे काम झालं आणि नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात ते छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासतात, त्यामागं हाच अनुभव आहे.

मग चुकीची रीतही चालवून घ्यायची का?

नाही. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडानं चटके देतात, त्याला 'डंबा' म्हणतात. यात बाळाचा जीव जाऊ शकतो, ते थांबलंच पाहिजे. पण चटक्याचे डाग बघून सिस्टर सगळ्यांसमोर आईवर खेकसल्या, तर पुढच्या वेळी ती बाळाला लपवेल. आधी बाळावर उपचार, मग आईशी शांतपणे बोलणं, आणि शक्य तिथं गावातल्या भूमकालाही सोबत घेणं, हा खरा मार्ग. त्यानंच "आधी दवाखान्यात न्या" म्हटलं, तर ते लवकर पटतं.

सिस्टर आणि ब्रदर यांना काय करता येईल?

- रुग्णाला नावानं हाक मारावी. "ए बाई, सरक तिकडं" नको.
- माडिया, गोंडी, कोरकू, भिली, जी बोली असेल तिच्यातले दहा-वीस शब्द शिकावेत. दुखतं का, कुठं, कधीपासून, एवढं आलं तरी पुष्कळ.
- गळ्यातला ताईत किंवा हातातला दोरा विचारल्याशिवाय कापू नये. काढावाच लागला तर कारण सांगून काढावा आणि घरच्यांच्या हातात द्यावा.
- रुग्ण ओरडत नाही म्हणजे दुखत नाही, असं धरू नये. सिकलसेलच्या रुग्णाच्या कळा फार तीव्र असतात.
- समजलं का, असं विचारलं की बुजलेला माणूस मान हलवतोच. त्यापेक्षा गोळी कशी घेणार, ते त्यालाच सांगायला लावावं.

तुम्ही काय मागू शकता?

बाळंतपणात आपल्या विश्वासातली बाई जवळ असावी आणि शक्य तिथं बाईला सोयीच्या स्थितीत बाळंत होऊ द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर सोबत बाईमाणूस मागता येतं. काय उपचार करणार, ते समजेल अशा भाषेत विचारायचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे. अंगठा त्यानंतरच द्यायचा. घर लांब असेल तर आशाताईंकडं 'माहेरघर'ची चौकशी करा. आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांत बाळंतपणाआधी काही दिवस राहायची ही सोय आहे. गरोदर बाईला आणायला 102 आणि तातडीच्या वेळी 108 हे नंबर फुकट लागतात.

आणि दवाखान्यातून निघून जावंसं वाटलं, तर जाण्याआधी एकदा सिस्टरला कारण सांगा. भीती वाटते, जेवण जात नाही, घरी लेकरं एकटी आहेत, जे असेल ते. बऱ्याच वेळा त्यावर तोड निघते आणि उपचार अर्धा राहत नाही.