देवाची जमीन, कुळाचा नांगर

तमिळनाडूतल्या तिरुवैयारुच्या शिवारातली कितीतरी भातखाचरं कागदोपत्री देवाची आहेत. मालक गावचा शिव, ऐयारप्पर. कारभार धर्मपुरम मठाकडे. चिखलात उतरतं ते कूळ. मेट्टूर धरणाची दारं प्रघाताप्रमाणे 12 जूनला उघडतात. कावेरीचं पाणी पोचलं की कुरुवै या पहिल्या भातपिकाची लावणी होते, मागून सांबा या दुसऱ्याची. पीक हाती आलं की खंड देवळाला.

ही रीत चोळांपासूनची. देवळाच्याच आवारातलं उत्तर कैलास मंदिर राजराज चोळाची राणी लोकमहादेवी हिने बांधवलं. आजही त्याच्या दगडी भिंतींवर दानलेख वाचता येतात.

तंजावरच्या भोसल्यांनी याच रीतीवर वाटसरूंना जेवू घालणारी छत्रं उभारली आणि त्यांच्या खर्चासाठी गावं लावून दिली. 1799 च्या तहाने राज्य ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलं, तेव्हा सरफोजीराजांचा जीव अडकला तो या छत्रांत. 1801 साली त्यांनी इंग्रज रेसिडेंटला सविस्तर पत्र लिहिलं. ब्राह्मणापासून परयापर्यंत येईल त्या वाटसरूला जेवण मिळतं, मध्यरात्री घंटा वाजवून उपाशी राहिलेल्यांना बोलावलं जातं, आजाऱ्याला औषध आणि बाळंतिणीला आधार मिळतो, असं त्यात आहे. गेलेल्या मुलखापेक्षा या पंक्तींची काळजी करणारा राजा मला फार मोठा वाटतो. पुढच्याच वर्षी ओरत्तनाडूचं मुक्तांबा छत्र उभं राहिलं. तिरुवैयारुत 1881 मध्ये सुरू झालेली संस्कृत पाठशाळाही छत्राच्याच पैशावर चालली. पुढे तिथे तमिळही शिकवू लागले. तेच आजचं राजांचं कॉलेज.

देवाच्या जमिनीचं पुढे काय होतं, ते मात्र सगळीकडे सारखं नाही. नॉर्वेत 1537 च्या धर्मसुधारणेनंतर राजाने चर्चच्या पुष्कळ जमिनी ताब्यात घेतल्या. पुढे त्या विकल्या गेल्या आणि बऱ्याच शेवटी कसणाऱ्यांच्या नावावर झाल्या. तमिळनाडूत तसं झालं नाही. 1959 च्या कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवाचून देवळाची जमीन विकता येत नाही, पाच वर्षांपुढच्या भाडेपट्ट्यालाही ती लागते. 1961 च्या कायद्याने न्यासांच्या जमिनीवरल्या कुळांना संरक्षण दिलं.

जमीन देवाच्या नावावर राहावी, असंच माझं मत आहे. मात्र तिच्या उत्पन्नातून आधी भुकेल्याचं पान वाढलं गेलं पाहिजे आणि कुळाच्या घरातही दाणा उरला पाहिजे. संगीतकार त्यागराजांच्या आराधनेला जानेवारीत तिरुवैयारुला जाल, तेव्हा गाणं ऐकून लगेच परतू नका. सांबाचं पीक तेव्हा कापणीला आलेलं असतं. बांधावर जा आणि कसणाऱ्याशी चार शब्द बोला.