चैत्रातली डोंगरशर्यत

साताऱ्याला दरवर्षी डोंगरावर धावण्याची शर्यत होते. ती २०१२ साली सुरू झाली. शहरातून निघायचे, यवतेश्वरचा घाट चढायचा आणि परत यायचे. सुमारे २१ किलोमीटरची धाव! हजारो माणसे धावतात. जो आधी पोचला, तो जिंकला.

आपल्या वऱ्हाडातही डोंगरावर एक शर्यत असते. तिला बिल्ला नाही, बक्षीस नाही. ती असते मोहफुलांची.

फाल्गुन-चैत्रात मेळघाटचा डोंगर पाहा. पळस लालभडक फुललेला असतो. मोहाची पाने झडतात आणि फुले येतात. गोड, रसाळ फुले. रात्री उशिरा नि पहाटे ती टपटप गळतात. कोरकू बाया-माणसे टोपल्या घेऊन अंधारातच निघतात. उशीर झाला तर गुरे नि हरणे फुले खाऊन जातील, ही काळजी. फुले वाळवून ठेवता येतात, विकता येतात. उन्हाळ्यात हाती चार पैसे येतात.

पण या शर्यतीत आणखी एक गडी असतो. तो म्हणजे अस्वल. त्यालाही मोह फार आवडतो. तेही पहाटेच येते. अस्वलाचे नाक तिखट, पण त्याला दिसते कमी. फुले खाण्यात ते गुंगले, की माणूस जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही. मग ते दचकते आणि अंगावर येते. मादीच्या पाठीवर पिले असली, तर विचारूच नका.

पळून सुटू म्हणाल, तर ते होत नाही. अस्वल माणसापेक्षा जोरात धावते. झाडावर चढाल, तर तेही चढते. म्हणून या शर्यतीत पुढे पळणारा जिंकत नाही, सांभाळून जाणारा जिंकतो.

चांगले उजाडू द्या. एकटे जाऊ नका. चौघे मिळून, मोठ्याने बोलत जा. माणसांची चाहूल लागली, की अस्वल बहुधा वाट सोडते. दिसलेच, तर दगड मारू नका. हळूहळू मागे सरा.

दुसरी गोष्ट. फुले नीट दिसावीत म्हणून काही जण झाडाखालचा पाला पेटवतात. वारा सुटला, की त्याचाच वणवा होतो. लहान रोपे जळतात, जमिनीवरच्या पाखरांची अंडी जळतात. रोपच जळाले, तर नातवाला मोह कुठून मिळणार? पाला झाडून बाजूला करा, नाहीतर जुने लुगडे पसरा. फुलेही स्वच्छ राहतात.

मेळघाटात १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. कुठे जायला मनाई आहे, ते आधी वनरक्षकाला विचारा.

दोन ओंजळी फुले कमी आली, तरी चालेल. माणूस घरी आला पाहिजे. मोह पुढच्या चैत्रात पुन्हा फुलतोच.