श्रीपूरची कंपनी, सुप्रीम कोर्ट आणि 'धंद्याच्या केसेस'चा वकील

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशांसाठी हा एपिसोडचा मजकूर, थोडा आवरून लिहिलेला.

आजचा विषय एका श्रोतीच्या मेसेजमधून आलाय. ती म्हणते, "बी.कॉम. झालंय. घरचे म्हणतात बँकेची परीक्षा दे. मला वकील व्हायचंय, पण खून-मारामारीच्या केसेस नकोत. धंद्याच्या केसेस लढणारे वकील वेगळे असतात का? आणि त्यावर घर चालतं का?"

मी बी.टेक. करून सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, वकील नाही. पण मी बिलं आणि थकबाकी सांभाळणाऱ्या सिस्टिम्सवर काम करतो, त्यामुळे 'पैसे अडकले' ही गोष्ट रोज समोर असते. शिवाय मी श्रीपूरचा आहे आणि या विषयाचं एक झकास उदाहरण आमच्याच गावाशी जोडलेलं आहे.

केस श्रीपूरच्या कंपनीची

श्रीपूर, तालुका माळशिरस. आज लोक पांडुरंग कारखान्यामुळे गाव ओळखतात. त्याआधीची ओळख होती बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट. १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी ही कंपनी काढली; ऑफिस पुण्यात, कारखाना श्रीपूरला.

१९५३ मध्ये या कंपनीच्या काही भागधारकांनी पुण्याच्या जिल्हा न्यायालयात अर्ज केला. त्यांची तक्रार कंपनीच्या कारभाराबद्दल होती आणि अर्ज १९१३ च्या कंपनी कायद्याखाली होता. तो चालू असतानाच १९५६ चा नवा कंपनी कायदा आला आणि जुना रद्द झाला. नव्या कायद्यात अशा तक्रारी हायकोर्टाकडे होत्या. कंपनीने मुद्दा काढला: जुना कायदाच गेला, तर जिल्हा न्यायाधीशांना अधिकार कुठून?

हा प्रश्न थेट सुप्रीम कोर्टात गेला. १९६० मध्ये निकाल आला की कायदा रद्द झाला तरी त्याखाली आधीच सुरू झालेली कारवाई आपोआप मरत नाही. अर्ज पुण्यातच चालेल. आमच्या भाषेत सांगायचं तर, जुनं व्हर्जन बंद केलं म्हणून आधी सुरू झालेली प्रोसेस मध्येच किल करायची नाही.

आता गंमत बघा. कारभार चुकीचा होता की बरोबर, यावर हा निकाल नव्हताच. 'हे ऐकायचं कुठल्या कोर्टाने?' एवढ्याच प्रश्नात १९६० उजाडलं. धंद्याच्या वकिलाचं निम्मं काम हेच असतं: योग्य दार शोधणं आणि ते बंद व्हायच्या आत तिथे पोचणं.

दार कोणतं?

समजा अकलूजच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने एका कंपनीला आठ लाखांचं काम करून दिलं. बिल दिलं, माल पोचला, पैसे नाहीत. त्याला वाटतं, "केस टाकू." वकील आधी विचारतो, "कागद काय काय आहेत?"

• चेक दिला होता आणि वटला नाही? मग मॅजिस्ट्रेटकडे, कलम १३८. बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, समोरच्याला १५ दिवस, आणि तरीही पैसे नाही आले तर पुढच्या महिनाभरात तक्रार.

• शॉपची 'उद्यम' नोंदणी आहे? मग सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीची फॅसिलिटेशन कौन्सिल. २००६ च्या कायद्यानुसार पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, तेही चक्रवाढ व्याज.

• व्यापारी वाद आणि रक्कम ३ लाख किंवा जास्त? मग २०१५ च्या कायद्याखालचं कमर्शियल कोर्ट. आधी ही मर्यादा १ कोटी होती, २०१८ मध्ये ३ लाखांवर आली. तातडीचा मनाई हुकूम वगैरे नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते. ती टाळली तर दावा फेटाळला जाऊ शकतो. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय.

• करारात लवादाचं कलम आहे? मग कोर्ट बहुधा म्हणेल, आधी लवादाकडे जा.

• कंपनी दिवाळखोरीत काढायची? त्यासाठी मुंबईचं एनसीएलटी. पण थकबाकी किमान १ कोटी हवी. आठ लाखांसाठी हे दार बंद.

ऊसबिलाचं दार तर अजून वेगळं. एफआरपी १४ दिवसांत द्यायची, नाहीतर १५ टक्के व्याज. कारखान्याने थकवली तर साखर आयुक्त वसुलीचा आदेश काढतात आणि जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करतात. शेतकऱ्याला दिवाणी दाव्यात लोटणारा वकील असेल तर त्याला हे विचारायला हरकत नाही.

तारीख चुकली की हक्क गेला

पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. "देतो ओ, पुढच्या सिझनला" यावर विसंबून आपला माणूस थांबतो आणि तीन वर्षं निघून जातात. पैसे खरेच देणं असतात, पण दावा मुदतबाह्य. म्हणून चांगला वकील पहिल्याच भेटीत सांगतो, समोरच्याकडून मुदत संपायच्या आत 'एवढी बाकी आहे' असं लेखी, सहीनिशी घ्या. त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते.

प्रतिवादीलाही घड्याळ आहे. कमर्शियल दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत, फार तर १२० दिवस. त्यानंतर ती घेतलीच जात नाही. कंपनीची बाजू कितीही खरी असो, ज्युनिअर झोपला तर ती मांडायची सोय राहत नाही. या कामातली खरी जबाबदारी ही असते.

पुरावा तुमच्या खिशात

इथे आम्हा इंजिनिअर लोकांना मजा येते. ऑर्डर व्हॉट्सॲपवर, बिल ईमेलवर, पोच फोटोत. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झालाय. त्यात डिजिटल पुराव्यासोबत कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्याच्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. म्हणजे फाइलचा ठसा: एक अक्षर बदललं तरी हॅश बदलते. नुसता स्क्रीनशॉट काढून मूळ चॅट डिलीट करू नका, हे त्यासाठीच. आणि ज्या वकिलाला हॅश म्हणजे काय हे कळतं, त्याचं वजन वाढणार.

शिक्षण, सनद, पैसे

बारावीनंतर पाच वर्षं, किंवा कुठल्याही पदवीनंतर तीन वर्षं. दोन्हीसाठी राज्याची लॉ सीईटी. सोलापुरात दयानंद लॉ कॉलेज आहे, पुण्यात आयएलएस, मुंबईत गव्हर्नमेंट लॉ कॉलेज. मग महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलची सनद आणि ऑल इंडिया बार परीक्षा. सनदेसाठी खुल्या गटाला ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, असा सुप्रीम कोर्टाचा निकाल २०२४ चा आहे.

तीन गोष्टी आधीच माहीत हव्यात. पगारी पूर्णवेळ नोकरी सांभाळून वकिली करता येत नाही. जाहिरात करता येत नाही. आणि सिनेमात दाखवतात तसं "जिंकलो तर एवढे टक्के" असा सौदा भारतात वकिलाला करता येत नाही.

पैशाचं खरं सांगायचं तर सुरुवात कोरडी असते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. पण ती शिफारसच आहे. त्यामुळे घरी बोलताना "मला दोन-तीन वर्षं आधार लागेल" हे स्पष्ट सांगा. ते न सांगता उडी मारली की मुलं मध्येच सोडतात, आणि दोष वकिलीला लागतो.

मग करायचं का?

माझं मत: हिशोब वाचता येत असेल आणि कंटाळवाणे कागद शेवटच्या पानापर्यंत वाचायची सवय असेल, तर जरूर. बी.कॉम. हा इथे फायदाच आहे, कारण बॅलन्स शीट बघून घाबरणारे वकील कमी नाहीत. आणि आता मुंबईतच राहायला हवं असंही नाही. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्यात आहे.

एक करा. अर्ज भरण्याआधी जवळच्या कोर्टात एक दिवस मागच्या बाकावर बसा. ई-कोर्ट्स ॲपवर त्या दिवसाच्या केसेसची यादी दिसते. कोणाची केस पुढची तारीख घेऊन गेली आणि कोणी कागद हातात ठेवून मुद्दा मांडला, ते बघा. दुसऱ्या प्रकारचं काम बघून तुमचे हात शिवशिवले, तर बँकेच्या परीक्षेबरोबर सीईटीचाही फॉर्म भरा.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. वकील मंडळी ऐकत असतील तर त्यांनीही सांगा, पहिली तीन वर्षं कशी काढली. पुढच्या भागात त्यावरच बोलू.