परेड ग्राउंडवरचा फलक आणि लॅबमधला संगणक

आमच्या परेड ग्राउंडवर अक्षरे सरकणारा एलईडी फलक आहे. त्याला नेटवर्क कळत नाही. पाठीमागे फक्त नऊ पिनांचा सिरियल पोर्ट. नवा मजकूर द्यायचा म्हणजे जुना संगणक उचलून फलकाखाली न्यायचा. उचलणारे अर्थातच ज्युनियर्स! लांब केबल का टाकत नाही, असे मी सरांना विचारले. या आरएस-२३२ जोडणीसाठी साधारण १५ मीटरची मर्यादा धरतात आणि लॅब त्याच्या दहापट दूर आहे.

हे मानक १९६० सालचे, माझ्या बाबांहूनही जुने. एका तारेवरून एकामागून एक बिट जातात: उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे १, अधिक ३ ते अधिक १५ म्हणजे ०. तालासाठी वेगळी तार नसते. स्टार्ट बिट ही जणू कमांड. त्यानंतर दोन्ही टोकांनी ठरलेल्या वेगानेच मोजायचे, 'तेज चल'मध्ये मोजतो तसे.

आम्ही फलकामागे रास्पबेरी पाय बसवला. त्याच्या स्वतःच्या पिना ३.३ व्होल्टच्या, फलक थेट जोडला तर तो जळायचा, म्हणून मध्ये यूएसबी-सिरियल अडॅप्टर घेतला. नेटवर्कवरून आलेले बाइट 'सेर-टू-नेट' हा प्रोग्रॅम सिरियल पोर्टवर पाठवतो.

पालक दिनाच्या आदल्या संध्याकाळी मी 'वेलकम' पाठवले, तर फलकावर नुसती चित्रविचित्र चिन्हे! पायचा वेग ९६००, फलकाचा २४००. मी लॅबमधल्या संगणकावर वेग बदलत राहिलो, पण काही उपयोग होईना. साध्या टीसीपी जोडणीतून फक्त बाइट जातात, वेगाची सूचना जातच नाही. त्यासाठी आरएफसी २२१७ आहे, ऑक्टोबर १९९७ चा. त्यात वेग, पॅरिटी, स्टॉप बिट हे सगळे टेलनेटमधूनच दुसऱ्या टोकाला सांगता येते. दोन्हीकडे तो चालू केला, २४०० ठरवले आणि प्रेपची घंटा होण्याआधी 'वेलकम' झळकले.

पासवर्ड मात्र मी ठेवलाच नव्हता. रात्री फलकावर 'उद्या पीटी नाही' सरकू लागले आणि दोन हाउस आनंदाने ओरडली. आता तो पोर्ट फक्त पायच्या आतल्या आत उघडा असतो, बाहेरून एसएसएचनेच जावे लागते. ज्या मित्राने हे केले त्याला पोर्ट नंबर मीच सांगितला होता, म्हणून ग्राउंडच्या फेऱ्या दोघांनाही माराव्या लागल्या.