एका पूर्णविरामाची किंमत

‘ध’चा ‘मा’ झाल्याची पेशवाईतील आख्यायिका आपण सारे जाणतो. संगणकांच्या जगात तेवढाच गोंधळ उडवायला एक टिंब पुरते. १२ ऑक्टोबर २००९ रोजी स्वीडनमध्ये याचा प्रत्यय आला. त्या देशाची संकेतस्थळे ‘एसई’ या अक्षरांनी संपतात. त्या नावांच्या मुख्य यादीत टिंब गळाले आणि लक्षावधी नावे एकाएकी निरुपयोगी झाली. हे कसे घडले ते समजण्यासाठी नामसेवा म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे.

संगणक एकमेकांना अंकांनी ओळखतात, माणसे नावांनी. नाव सांगताच त्याचा अंक शोधून देणे, हे नामसेवेचे काम होय. प्रारंभीच्या ‘अर्पानेट’ जाळ्यात सर्व नावांची एकच यादी होती. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळी. जाळे वाढत गेले, तसे एका यादीने निभेना. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नवी योजना मांडली. ज्याने त्याने आपापल्या विभागाची नावे सांभाळावीत आणि वरच्याने खालच्याचा ठावठिकाणा तेवढा ठेवावा, असे तिचे सूत्र. गावचे दप्तर तलाठ्याकडे आणि तालुक्याचे तहसीलदाराकडे, तसाच हा प्रकार. पुढे बर्कलीच्या विद्यापीठातील चार पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या योजनेनुसार चालणारी आज्ञावली लिहिली. तिचे नाव ‘बाइंड’. आज इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियम ही ना-नफा संस्था तिची निगा राखते व ती विनामूल्य मिळते.

सर्व्हरवर बाइंड चालविणाऱ्याला मुख्यतः साध्या मजकुराच्या फाइली लिहाव्या लागतात. त्यात तीन पथ्ये महत्त्वाची आहेत.

पहिले पथ्य पूर्णविरामाचे. पूर्ण नावाच्या शेवटी टिंब हवे. ते नसेल तर बाइंड नाव अपुरे समजते आणि त्याला आपल्या विभागाचे नाव जोडते. ‘अमुक.एसई’चे ‘अमुक.एसई.एसई’ होते, आणि त्या नावाचे जगात कोणीच नसते! स्वीडनमध्ये यादी तयार करणाऱ्या यंत्रणेने नेमके हेच टिंब गाळले होते.

दुसरे पथ्य अनुक्रमांकाचे. मुख्य सर्व्हरच्या जोडीला दुय्यम सर्व्हर असतात. आपल्या प्रतीपेक्षा मुख्य यादीचा अनुक्रमांक मोठा दिसला, तरच ते नवी यादी उतरवून घेतात. म्हणून प्रत्येक बदलाबरोबर तो वाढवावा लागतो. वर्ष, महिना, दिवस व दोन आकडे, उदाहरणार्थ २०२४०६१५०१, अशी तो लिहिण्याची रूढी आहे. तो वाढविण्याचे विसरले, तर एक सर्व्हर नवे उत्तर देतो आणि दुसरा जुने.

तिसरे पथ्य मुदतीचे. मिळालेले उत्तर इतर सर्व्हर ठराविक सेकंद जपून ठेवतात. ८६४०० लिहिले तर एक दिवस. त्यामुळे चूक सुधारल्यावरही जपून ठेवलेली चुकीची उत्तरे मुदत संपेपर्यंत फिरत राहतात. स्वीडनलाही हा त्रास भोगावा लागला. जाणता माणूस मोठ्या बदलापूर्वी ही मुदत कमी करून ठेवतो.

यादी तपासणारे ‘नेम्ड-चेकझोन’ हे साधन बाइंडसोबतच मिळते व बदल अमलात आणण्यापूर्वी ते वापरावेच. परंतु ते मुख्यतः व्याकरण पाहते. व्याकरणशुद्ध वाक्य खोटे असू शकते, तसेच येथेही. अर्थ पाहायला माणूसच लागतो.

आज प्रवेशअर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, निकाल हे सारे कोणत्या ना कोणत्या संकेतस्थळाच्या नावावरूनच आपल्यापर्यंत पोहोचते. एका नावात चूक झाली, तर अर्जाची शेवटची तारीख एखाद्या विद्यार्थ्याच्या हातून निसटू शकते. म्हणून हे काम केवळ शास्त्रशाखेचे मानू नये. मुद्रितशोधन करताना काना, मात्रा, अनुस्वार निरखणारी आपल्या शाखेची नजर तेथेही तितकीच उपयोगी आहे.