ड्रोन घेण्याआधी हात तयार करा

लग्नसराई सुरू झाली की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत आता मंडपावर ड्रोन घिरट्या घालताना दिसतो. वरातीचे, जयंतीच्या मिरवणुकीचे वरून घेतलेले चित्रीकरण मोबाइलवर फिरते आणि घरातली तरुण मुले आईवडिलांच्या मागे लागतात, की आम्हालाही ड्रोन घेऊन द्या, एका सीझनमध्ये पैसे वसूल करून दाखवतो. आईवडील कोण, तर कोणी कंपनीत कंत्राटावर, कोणी वीटभट्टीवर, कोणी आसनगावहून पहाटेची लोकल पकडून कल्याण-ठाण्याला कामाला जाणारे. बचत गटातून किंवा हप्त्याने ५०-६० हजार रुपये उभे करायचे म्हणजे वर्षभराची काटकसर पणाला लागते. मुलांची हौस मारावी असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. नवे यंत्र शिकण्याची ओढ ही चांगली गोष्ट आहे. पण पैसा कोणत्या क्रमाने घालावा हे कळले नाही, तर पहिल्याच दिवशी यंत्र झाडात आणि कर्ज डोक्यावर, अशी गत होते. त्यासाठीच हा लेख.

हा प्रकार वेगळा आहे

लग्नात दिसणारा ड्रोन बहुतेक स्वतःला सांभाळून घेतो. हात सोडले तरी तो हवेत एका जागी थांबतो. ‘एफपीव्ही’ नावाचा प्रकार तसा नाही. यात उडवणारा डोळ्यांवर गॉगल लावतो आणि ड्रोनच्या नाकावरील कॅमेऱ्याला जे दिसते तेच त्याला दिसते. जणू आपणच त्यात बसलो आहोत. हा ड्रोन दारातून आत शिरतो, खिडकीतून बाहेर पडतो, कोलांटी मारतो. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतील मिनिॲपोलिस शहरातल्या एका बोलिंग खेळाच्या जागेत असा ड्रोन एका दमात फिरवून घेतलेली दीड मिनिटांची फिल्म जगभर पाहिली गेली आणि पुष्कळ तरुणांना या कलेचे वेड लागले.

परंतु या प्रकारात पूर्ण शिकलेल्या पद्धतीने उडवताना ड्रोन स्वतःहून सरळ होत नाही. दांडी जिकडे झुकवाल तिकडे तो झुकलेलाच राहतो. त्याला सरळ करणे, उंचीवर ठेवणे, थांबवणे हे सारे उडवणाऱ्याच्या बोटांचे काम आहे. सायकलचा तोल पुस्तक वाचून येत नाही, तसेच हे आहे. म्हणून आमचे सांगणे एवढेच की पैसा आधी हाताच्या सरावावर घाला, यंत्रावर नंतर.

पहिली खरेदी रिमोटची

नवशिक्याची पहिली खरेदी ड्रोनची नसावी, रिमोटची असावी. दोन दांड्यांचा चांगला रिमोट यूएसबी वायरने संगणकाला जोडता येतो आणि त्यावर सिम्युलेटर, म्हणजे ड्रोन उडवण्याचा सराव-खेळ खेळता येतो. लिफ्टऑफ, व्हेलोसिड्रोन ही त्यातली जाणकारांत चालणारी नावे. घरचा संगणक जुना असेल तर एफपीव्ही फ्रीरायडर हा हलका खेळ त्यावर चालण्याची शक्यता जास्त. घरी संगणक नसेल तर मित्राकडे किंवा ओळखीच्या संगणक वर्गात रोज अर्धा-पाऊण तास मागून घ्यावा. पडद्यावर ड्रोन शंभर वेळा आपटला तरी एक पातेही तुटत नाही. हीच शंभर आपटणी खऱ्या ड्रोनने शेतात केली तर काय खर्च येईल, याचा हिशेब आईवडिलांनी मुलांसमोर मांडावा.

रिमोट घेताना एक गोष्ट विचारून घ्यावी. रिमोट आणि ड्रोनमधला रिसिव्हर यांची भाषा एकच असावी लागते. आज नवशिक्यांसाठी ‘एक्सप्रेसएलआरएस’ ही पद्धत सोयीची आहे. ती खुली आहे, एका कंपनीच्या मालकीची नाही, त्यामुळे उद्या दुसऱ्या कंपनीचा ड्रोन घेतला तरी रिमोट तोच चालतो. रेडिओमास्टर पॉकेटसारखा छोटा रिमोट या पद्धतीत मिळतो. चांगला रिमोट पुढे कित्येक वर्षे साथ देतो. ड्रोन मात्र मोडण्यासाठीच असतो, हे गृहीत धरावे.

दोन महिने नेमाने सराव करावा. पडद्यावरचा ड्रोन दोन झाडांमधून दहापैकी नऊ वेळा न आपटता नेता आला, मगच पुढचा पैसा काढावा. दोन महिन्यांत मुलाचा किंवा मुलीचा उत्साह ओसरला, तर घराचे नुकसान फक्त रिमोटपुरते राहते आणि तो रिमोट विकताही येतो.

पहिला ड्रोन मुठीएवढा

‘टायनी वूप’ नावाचा छोटा ड्रोन शिकण्यास सर्वांत बरा. त्याची एका मोटरपासून समोरच्या मोटरपर्यंतची लांबी ६५ किंवा ७५ मिलिमीटर असते, वजन बॅटरी धरून ३०-४० ग्रॅमच्या आसपास. पात्यांभोवती प्लॅस्टिकचे कडे असल्यामुळे भिंतीला घासला तरी सहसा मोडत नाही आणि कोणाला लागला तरी मोठी इजा होण्याचा धोका कमी. एका बॅटरीवर तो तीन ते पाच मिनिटे उडतो, म्हणून बॅटऱ्या चार-सहा तरी लागतात. याउलट पाच इंची पात्यांचा ड्रोन ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. त्याची पाती बोट कापू शकतात. मित्राने स्वस्तात देऊ केला तरी नवशिक्याने तो घेऊ नये.

गॉगल दोन तऱ्हेचे असतात. ॲनालॉग गॉगलमध्ये चित्र जुन्या टीव्हीसारखे, थोडे मुंग्यामुंग्यांचे दिसते, पण तो स्वस्त असतो आणि सिग्नल कमी होऊ लागला की मुंग्या वाढून आधीच सावध करतो. डिजिटल गॉगलमध्ये चित्र स्वच्छ, पण किंमत अनेक पटींनी जास्त. बरेचदा नुसता गॉगलच ॲनालॉगच्या सगळ्या संचाहून महाग पडतो. शिकण्यासाठी ॲनालॉग पुरेसा आहे. ज्यांना चष्मा आहे त्यांनी गॉगल आपल्या चष्म्यावर बसतो का, हे पैसे देण्याआधी पाहावे. आणि कॅमेऱ्याची पद्धत व गॉगलची पद्धत एकच आहे ना, हेही विचारावे. ॲनालॉग ड्रोनचे चित्र नुसत्या डिजिटल गॉगलमध्ये येत नाही.

भाव दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलतात. तरी अंदाज म्हणून रिमोट व सिम्युलेटरला ८ ते १० हजार, छोट्या ड्रोनला ८ ते १२ हजार, साध्या गॉगलला ६ ते १० हजार आणि बॅटऱ्या, चार्जर, जादा पात्यांना ४ ते ५ हजार धरावेत. म्हणजे सगळे मिळून २६ ते ३७ हजार, तेही एकदम नव्हे, दोन टप्प्यांत.

बॅटरीशी खेळ नको

या ड्रोनमधली लिथियम पॉलिमर बॅटरी आकाराने बोटाएवढी असली तरी पेट घेऊ शकते. आपल्या घरांत एकाच खोलीत गॅस, अंथरुणे आणि पत्र्याखालचा उन्हाळा असतो, तेव्हा चार्जिंग फरशीवर, अंथरुणापासून दूर आणि कोणीतरी जागे असतानाच करावे. रात्री चार्जिंगला लावून झोपू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये आणि तिला टोचू तर मुळीच नये. एका सेलची साधी बॅटरी ४.२ व्होल्टला पूर्ण भरते. ३.५ व्होल्टच्या आसपास आली की ड्रोन उतरवावा आणि आठ-दहा दिवस उडवायचे नसेल तर ३.८ व्होल्टवर ठेवावी. ४.३५ व्होल्टच्या वेगळ्या बॅटऱ्याही मिळतात. चार्जर त्याप्रमाणे लावला नाही तर धोका असतो.

आपल्या भागासाठी एक खास सूचना. मार्च ते मे महिन्यांत माळावरचे गवत वाळून कोळ झालेले असते. आपटलेल्या ड्रोनची बॅटरी तिथे पेटली तर वणवा लागायला वेळ लागत नाही. भातकापणी झाल्यावर मोकळी झालेली खाचरे ही सरावाला उत्तम जागा, पण मालकाची परवानगी घेऊन. पावसाळ्याचे चार महिने सिम्युलेटरवरच काढावेत.

कायदा माहीत असावा

भारतात ड्रोन नियम २०२१ लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचा ‘मायक्रो’ धरतात. नॅनो उडवण्यास रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो हौसेसाठी उडवला तर लागत नाही, पण लग्नाचे पैसे घेऊन उडवला की लागते. हे प्रमाणपत्र १८ वर्षे पूर्ण झालेल्या आणि दहावी पास असलेल्यांना मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेतल्यावर मिळते. धंद्याच्या मायक्रो ड्रोनचा नमुनाही सरकारमान्य असावा लागतो. ‘एका सीझनमध्ये वसूल’ म्हणणाऱ्यांनी हा खर्च आधी मोजावा. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

दुसरी गोष्ट, ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोन आयात करण्यावर बंदी आहे. संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांसाठीच अपवाद आहे. सुट्या भागांना मात्र बंदी नाही. म्हणून बिलाशिवाय, वॉरंटीशिवाय विकला जाणारा परदेशी तयार ड्रोन पाहून भुलू नये. दुकानदाराला सरळ विचारावे, बिल मिळेल का आणि याची सरकारी नोंदणी होऊन ओळख क्रमांक मिळेल का. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या, सोल्डरिंग जमणाऱ्या मुलामुलींना सुटे भाग आणून ड्रोन जोडणे हा चांगला मार्ग आहे. ज्याला जोडता येतो, त्याला दुरुस्तही करता येतो.

उडवण्याआधी डिजिटल स्कायच्या नकाशात आपली जागा पाहावी. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी न घेता उडवता येते. लाल आणि पिवळ्या पट्ट्यांत परवानगी लागते. शिवाय पोलीस वेळोवेळी बंदीचे आदेश काढतात, म्हणून ठाण्यात चौकशी करावी. तानसा आणि भातसा ही धरणे मुंबईला पाणी देतात, त्यांच्यावर ड्रोन नेण्याचा विचारही करू नये. माहुलीचा परिसर तानसा अभयारण्याला लागून आहे आणि भीमाशंकर अभयारण्याची हद्द मुरबाडकडे उतरते. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय चित्रीकरण नको. कसारा लोहमार्गाच्या विजेच्या तारा आणि शेतांवरून गेलेले टॉवर यांपासूनही लांब राहावे.

गॉगल लावलेल्याला आजूबाजूचे दिसत नाही. तेव्हा शेजारी एक माणूस ड्रोनवर आणि रस्त्यावर नजर ठेवून उभा असावाच. बहीण, भाऊ, मित्र, कोणीही चालेल, पण मोबाइल खिशात ठेवणारा हवा.

चित्रीकरण कधी?

छोट्या ड्रोनचे गॉगलमध्ये साठवलेले चित्र स्वतःच्या चुका पाहण्यापुरते असते, ते गिऱ्हाइकाला देण्याजोगे नसते. हात बसल्यावर पुढची पायरी म्हणजे कड्यांच्या पात्यांचा, ॲक्शन कॅमेरा वाहणारा तीन इंची ‘सिनेवूप’. तो बहुधा २५० ग्रॅमच्या वर जातो, म्हणजे वरचे नियम लागू होतात. चित्रीकरणासाठी सकाळची वेळ धरावी. वारा कमी आणि ऊन तिरपे असते. वेग कमी ठेवावा. खळ्यावरची भातझोडणी बाजूने, अंतर राखून, एका संथ फेरीत घेतली तरी ती पाहणाऱ्याला गिरक्यांपेक्षा जास्त आवडते.

मिरवणुकीचे चित्रीकरण करायचे तर गर्दीच्या डोक्यावरून कधीही नको. जयंतीच्या गर्दीत म्हातारी माणसे आणि कडेवरची लेकरे असतात. एक पाते तुटले तर आनंदाच्या दिवशी रक्त सांडेल.

पालकांनो, मुलाने किंवा मुलीने ड्रोन मागितला तर नाही म्हणण्याची घाई करू नका, आणि कर्ज काढण्याचीही करू नका. आधी रिमोट द्या, दोन महिने द्या आणि रोज किती वेळ बसतो ते पाहा. जो बंद खोलीत, कोणी टाळ्या वाजवत नसताना, दोन महिने सराव करतो त्याच्या हातात ड्रोन शोभतो. त्याच्यावर घातलेला पैसा वाया जाण्याची भीती पुष्कळ कमी.